दुसऱ्यांची गाणी गाणारा

उत्तर डब्लिनमध्ये आर्टेन नावाचा भाग आहे. एकाला एक चिकटलेली दुमजली घरं, प्रत्येकापुढे हातभर हिरवळ. नोकरीनिमित्त आयर्लंडला गेले तेव्हा तिथल्या एका घरातली माडीवरची खोली मी भाड्यानं घेतली होती. घरमालकीणबाई पन्नाशीच्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक जुना रेकॉर्ड प्लेअर होता आणि शेजारी चाळीसएक एलपी. ‘हवी ती लाव, फक्त परत ठेवताना पाकिटात नीट ठेव,’ असं पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगून टाकलं होतं. एका एलपीला मात्र हात लावायचा नाही. ती वेगळी, कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली. ‘ऑर्डिनरी मॅन’, गायक ख्रिस्ती मूर, साल १९८५.

ओळख वाढल्यावर एका संध्याकाळी बाईंनी ती बाहेर काढली. लावली नाही. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर गाण्यांची नावं छापलेली असतात, त्यातल्या एका नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हे गाणं नंतरच्या एलपीवर तुला सापडायचं नाही. कोर्टानं काढायला लावलं.’ आणि एलपी पुन्हा पिशवीत गेली.

ते गाणं कशाबद्दल होतं, ते का काढावं लागलं आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षांनी काय घडलं, हे मला आज तुम्हाला सांगायचं आहे. पण त्याआधी हा माणूस कोण, ते सांगायला हवं. कारण चळवळीचा गायक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं, मूठ आवळलेला, स्वतःची धारदार गाणी लिहिणारा, त्या चित्रात ख्रिस्ती मूर पुरता बसत नाही. त्यानं गाणी लिहिली, काही फार चांगली लिहिली. पण त्याच्या नावाशी जी गाणी कायमची जोडली गेली, त्यातली बहुतेक दुसऱ्या कुणाची तरी आहेत. कुणाची, तर पडक्या घरात राहणाऱ्या भटक्याची, तुरुंगातल्या कैद्याची, लंडनमध्ये बांधकामावर राबणाऱ्या मजुराची. साठ वर्षं हा माणूस लोकांचं ऐकत आला आणि ऐकलेलं गात आला. त्याची सगळी ताकद त्या ऐकण्यात आहे, असं माझं मत आहे.

जन्म ७ मे १९४५, न्यूब्रिज, किल्डेअर परगणा. डब्लिनच्या नैऋत्येला, घोड्यांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध असलेल्या मैदानाजवळचं गाव. ख्रिस्ती अकरा वर्षांचा असताना वडील गेले. आईनं घर सांभाळलं, मुलं वाढवली. आई गाणारी होती, त्यामुळे गाणं घरात होतंच. धाकटा भाऊ बॅरी पुढे ल्यूका ब्लूम या नावानं स्वतःच्या बळावर नावारूपाला आला. त्याच गावात डोनल लनी नावाचा एक मित्र होता. ख्रिस्तीला गिटार धरायला त्यानं शिकवलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

शिक्षण संपल्यावर ख्रिस्ती बँकेत चिकटला. बँकेतली नोकरी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या मंडळींना वेगळं सांगायला नको. पोरगं मार्गी लागलं, आईचा जीव भांड्यात पडला. पण १९६६ च्या उन्हाळ्यात आयर्लंडभर बँक कर्मचाऱ्यांचा संप झाला. संप लांबला, पगार थांबले. तेवढ्या काळापुरतं पोट भरायला म्हणून ख्रिस्ती बोटीत बसून इंग्लंडला गेला. संप मिटला, बाकीचे आपापल्या टेबलांवर परतले. हा परतला नाही.

इंग्लंडमध्ये त्यानं अंगमेहनतीची मिळतील ती कामं केली आणि रात्री फोक क्लबमध्ये गायला. फोक क्लब म्हणजे काही मोठं सभागृह नव्हे. पबच्या वरची एखादी खोली, चाळीस-पन्नास माणसं, ध्वनिक्षेपक बहुधा नाहीच. ज्याला येतं त्यानं उभं राहून गायचं आणि दुसऱ्याचं गाणं आवडलं तर त्याच्याकडून शिकून घ्यायचं. इथे गाणं हातोहात पुढे जातं. एकीकडून चाल, दुसरीकडून एखादं कडवं. ही सवय त्याला इथे लागली. समोर बसलेल्यांत आयरिश मजूरही असत, रस्ते खणणारे, इमारती उभारणारे, ज्यांना इंग्रज सरसकट ‘पॅडी’ म्हणत. १९६९ मध्ये त्याची पहिली एलपी निघाली, तिचं नावच ‘पॅडी ऑन द रोड’. निर्माता लेखक-गीतकार डॉमिनिक बीअन. प्रती निघाल्या फक्त ५००.

मग तो घरी परतला आणि १९७२ मध्ये ‘प्रॉस्परस’ नावाची एलपी आली. हे गावाचं नाव आहे. किल्डेअरमधल्या त्या लहान गावात एका जुन्या घराच्या तळघरात हे ध्वनिमुद्रण झालं. मदतीला मित्र जमवले होते. डोनल लनी आलाच. अँडी अर्वाइन आला, मॅन्डोलिन वाजवणारा, बाल्कन देशांत भटकून तिथल्या विषम मात्रांच्या ताल-चाली डोक्यात घेऊन आलेला. आणि लिअम ओफ्लिन, इलन पाइप्स वाजवणारा. हे वाद्य म्हणजे आपण लष्करी बँडमध्ये बघतो ती स्कॉटिश पिपाणी नाही. त्यात तोंडानं फुंकत नाहीत. वादक बसतो, कोपराखाली भाता दाबून हवा भरतो आणि मांडीवर नळी टेकवून वाजवतो. ‘इलन’ म्हणजेच कोपर. आवाज मऊ, माणसाच्या गळ्याजवळ जाणारा.

ध्वनिमुद्रण संपलं, पण चौघांना सुटावंसं वाटेना. त्यातून ‘प्लँक्स्टी’ हा वाद्यवृंद जन्मला. हा शब्द सतराव्या-अठराव्या शतकातल्या टर्लो ओकॅरोलन या आंधळ्या हार्पवादकाच्या रचनांच्या नावांत येतो. हार्प म्हणजे बोटांनी छेडायचं, उभ्या तारांचं वाद्य. त्याच वर्षी गॉलवेला डोनोव्हान या मोठ्या गायकाच्या आधी त्यांना थोडा वेळ मिळाला होता. दिवे डोळ्यांवर, समोरचं काही दिसत नाही. वाजवता वाजवता सभागृहातून प्रचंड गलका ऐकू आला. चौघांना वाटलं, मारामारी सुरू झाली! ती मारामारी नव्हती. आपलंच संगीत इतक्या नव्या रीतीनं ऐकून लोक बेभान झाले होते.

त्यांनी नेमकं काय केलं होतं? ऐका. त्यांच्या १९७३ च्या पहिल्या एलपीतलं पहिलं गाणं एका खानदानी बाईचं आहे. भटक्यांचा तांडा दाराशी येतो, बाई रेशमी कपडे उतरवते, घर-दार-नवरा सोडून त्यांच्याबरोबर निघून जाते. नवरा घोड्यावरून शोधत येतो. ती म्हणते, मला पिसांची गादी नको, मी उघड्या माळावर थंडीत झोपेन. ख्रिस्तीचा आवाज आणि त्याभोवती तारांचं दाट विणकाम. गाणं संपतंय असं वाटतं तोच, त्याच लयीत, श्वास न घेता पाइप्स आत शिरतात आणि सतराव्या शतकातली एक हार्पची धून सुरू होते. तिच्या आयरिश नावाचा अर्थ, ‘मला तुझा हात दे’. हा जोड मी शंभरदा ऐकला असेन, दर वेळी अंगावर काटा येतो. भटक्यांचं गाणं आणि दरबारी हार्पवादकाची धून, दोन्ही एकाच रेशमात गुंफलेली.

आता हे गाणं कुठून आलं, ते सांगते. इथे मला जरा थांबायचं आहे.

आयर्लंडमध्ये ट्रॅव्हलर म्हणून ओळखला जाणारा भटका समाज आहे. पूर्वी घोडागाडी आणि तंबू, गावोगाव फिरून जस्ता-कथलाची भांडी दुरुस्त करायची, घोडे विकायचे. त्यावरून पडलेलं ‘टिंकर’ हे नाव पुढे शिवीसारखं झालं. आपल्याकडे गावाबाहेर पालं टाकून राहणाऱ्यांना गाव कसं वागवतं ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना पुढचं वेगळं सांगायची गरज नाही. तर या समाजातला जॉन रायली नावाचा एक माणूस रॉसकॉमन परगण्यातल्या बॉयल गावात एका पडक्या घरात राहत होता. १९६० च्या दशकात टॉम मनेली हा लोकगीतांचा तरुण संग्राहक टेप रेकॉर्डर घेऊन त्याच्यापर्यंत पोहोचला. रायली गायला लागला आणि मनेली अवाक झाला. लिहिता-वाचता न येणाऱ्या या माणसाच्या ओठांवर शेकडो वर्षांपूर्वीची कथागीतं सबंधच्या सबंध होती. त्यातलं एक तर असं, की तोंडी परंपरेतून ते केव्हाच नाहीसं झालं, असं अभ्यासक धरून चालले होते. विहिरीवर पाणी भरणारी बाई, एक वाटसरू पाणी मागतो. ती नाही म्हणते. मग तो तिला एकेक करून सांगू लागतो, तू किती मुलं जन्माला घातलीस, ती कुणापासून झाली आणि त्यांना कुठे कुठे पुरलंस. घरातच घडलेल्या अत्याचाराचं हे गाणं आहे, सरळ, डोळे न झाकता गायलेलं. मधे मधे खालच्या दरीतल्या विहिरीचं ध्रुवपद येत राहतं, जणू काही घडलंच नाही.

१९६९ मध्ये जॉन रायली वारला. वय पंचेचाळीसच्या आत. हलाखीत, उपासमारीत, त्या पडक्या घरातच त्याची तब्येत ढासळली होती. त्याच्या आवाजाची एलपी निघाली ती १९७८ मध्ये. त्याला ती बघता आली नाही.

मनेलीनं टिपलेली ही गाणी ख्रिस्तीपर्यंत आली. माळावर झोपणाऱ्या बाईचं गाणं रायलीचं. विहिरीचं गाणंही रायलीचं, प्लँक्स्टीच्या दुसऱ्या एलपीला नाव मिळालं ते त्याच गाण्याचं. हे दोन्ही ख्रिस्तीनं आयुष्यभर गायलं आणि कुणाकडून आलं ते सांगत राहिला. विहिरीचं गाणं तो बाउरॉनवर गातो. बाउरॉन म्हणजे बकऱ्याचं कातडं ताणलेलं लाकडी कडं, थेट आपल्या डफाचा भाऊबंद. डब्लिनच्या व्हिकर स्ट्रीट सभागृहात मी त्याला हे गाताना पाहिलं आहे. खुर्चीवर बसलेला, अंगात काळा टीशर्ट, घामानं भिजलेला. गिटार बाजूला ठेवलं. डफ डाव्या मांडीवर उभा धरला, आतून हात कातड्यावर दाबला, की आवाज एकदम जाड होतो, हात उचलला की उघडा. दुसरं वाद्य नाही. डोळे मिटलेले. हजाराच्या वर माणसं आणि पेला खाली ठेवल्याचाही आवाज नाही. आमच्यापैकी बहुतेकांना शब्द पाठ होते, तरी कुणी सोबत गायलं नाही.

मला विचाराल तर ख्रिस्ती मूरचं पहिलं निषेधगीत हेच. त्यात सरकार नाही, सैन्य नाही, घोषणा नाही. पण ज्या माणसाला गाव दारात उभं करत नव्हतं, त्याच्या ओठांवरचं गाणं आणून त्यानं देशाच्या बैठकीच्या खोलीत ठेवलं.

प्लँक्स्टीतून तो १९७५ च्या सुमारास बाहेर पडला. पुढे हा मेळ अनेकदा मोडला आणि पुन्हा जमला, त्याचा हिशेब आज नको. १९७८ मध्ये वेक्सफर्ड परगण्यात समुद्राकाठी कार्नसोर पॉइंट इथे अणुवीज केंद्र उभारायचा सरकारी बेत होता. त्याच्याविरुद्ध ऑगस्टमध्ये त्याच जागेवर मोठा मेळावा भरला, हजारो लोक तंबू ठोकून राहिले. ख्रिस्तीनं गायक-वादकांचा ताफा जमवून गावोगावी कार्यक्रम केले. केंद्र झालं नाही. आयर्लंडमध्ये आजही एकही अणुवीज केंद्र नाही, आणि १९९९ च्या वीज कायद्यानं त्याला मनाईच केली.

उत्तर आयर्लंड, म्हणजे बेटाचा ब्रिटनच्या ताब्यात राहिलेला भाग, त्याचा प्रश्न इतका सरळ नव्हता. तो मी बाजूला ठेवून पुढे गेले तर ख्रिस्तीवर अन्याय होईल आणि तुमच्यावरही. १९७६ पासून ब्रिटिश सरकारनं रिपब्लिकन कैद्यांचा, म्हणजे हा भाग आयर्लंडला जोडण्यासाठी लढणाऱ्यांचा, राजकीय दर्जा काढून घेतला. मेझ तुरुंगातल्या एच-ब्लॉकमध्ये कैद्यांनी तुरुंगाचे कपडे घालायला नकार दिला आणि वर्षानुवर्षं घोंगड्या पांघरून काढली. ख्रिस्ती त्यांच्या बाजूनं उभा राहिला. १९७८ मध्ये त्यांच्यासाठी एलपी काढली. त्या काळात दक्षिणेत, म्हणजे स्वतंत्र आयर्लंडमध्येही, वातावरण असं होतं, की सरकारी आदेशानं शिन फेन या रिपब्लिकन पक्षाच्या प्रवक्त्यांचा आवाज आकाशवाणी-दूरचित्रवाणीवर ऐकवायला बंदी होती. ती बंदी १९९४ मध्ये उठली. १९८१ मध्ये तुरुंगात उपोषण झालं. बॉबी सँड्स हा कैदी ६६ दिवस अन्नाशिवाय राहून ५ मे रोजी मेला, त्याच्यामागे आणखी नऊ जण गेले. सँड्सनं तुरुंगात कविता लिहिल्या होत्या. त्यातली एक, १८०३ मध्ये हद्दपार होऊन दूर दक्षिणेकडच्या बेटावर जहाजातून नेल्या जाणाऱ्या बंडखोरांची, ख्रिस्तीनं १९८४ च्या ‘राइड ऑन’ एलपीवर गायली. पुन्हा तेच. माणूस गेला, शब्द ह्यानं उचलले.

या भूमिकेमुळे त्याच्यावर खूप टीका झाली, आणि ती सगळीच चुकीची नव्हती. आयआरए या सशस्त्र रिपब्लिकन संघटनेच्या बॉम्बनी मेलेल्यांनाही आया होत्या. ८ नोव्हेंबर १९८७ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलन गावात महायुद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ लोक जमले असताना आयआरएनं बॉम्ब उडवला. अकरा जण ठार झाले, बहुतेक वयस्क माणसं. त्यानंतर ख्रिस्तीनं जाहीरपणे सांगितलं, की सशस्त्र लढ्याला आपला पाठिंबा उरलेला नाही. ज्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं त्यांच्यातल्या काहींना हे रुचलं नाही. मला स्वतःला त्याची ही गोष्ट फार मोठी वाटते. ऐकणारा माणूस एकाच बाजूचं रडणं ऐकू शकत नाही.

इतकं सगळं चाललं असताना साध्या माणसांची गाणी थांबली नव्हती. केरी परगण्यातला क्रिस्टी हेनेसी लंडनमध्ये बांधकामावर मजुरी करत होता. फावडं घेतल्याशिवाय कामाला जाऊ नकोस, असं त्याचं गाणं ख्रिस्तीनं गायलं आणि आख्खा देश ते गुणगुणायला लागला. हसत हसत म्हणायचं गाणं, पण ऐकणाऱ्याच्या काकाची, भावाची, बापाची जिंदगी त्यात. ‘ऑर्डिनरी मॅन’ हे गाणं इंग्लंडमधल्या ग्रिम्झबीच्या पीटर हेम्सचं. कारखाना बंद पडतो, इतकी वर्षं घाम गाळलेल्या कामगाराला घरी बसवतात, मालकाचं मात्र काही बिघडत नाही. गिरण्या बंद पडल्यानंतरची मुंबई ज्यांच्या घरात शिरली, त्यांना या गाण्याला भाषांतराची गरज पडणार नाही. तीच ही १९८५ ची एलपी. आणि तिच्यावरच ते गाणं होतं, ज्यावर बाईंनी बोट ठेवलं होतं.

१३ फेब्रुवारी १९८१, शुक्रवारची रात्र. आर्टेनमधल्या स्टारडस्ट नाइटक्लबमध्ये व्हॅलेंटाइनचा नाच होता. आठशेहून जास्त तरुण मुलं-मुली. बहुतेक आसपासच्या आर्टेन, किलमोर, कूलॉक या कामगार वस्त्यांतली, नुकती कमवायला लागलेली. मध्यरात्र उलटून पावणेदोनच्या सुमाराला एका बंद केलेल्या भागात आग दिसली. काही मिनिटांत छत पेटलं, वितळून खाली गळायला लागलं, दिवे गेले. मुलं दारांकडे धावली. संकटकाळी बाहेर पडायची काही दारं कुलुपात, काहींवर साखळ्या लटकवलेल्या. स्वच्छतागृहांच्या खिडक्यांना गज आणि पत्रे. बाहेरून लोकांनी ते गज मोटारीला दोर बांधून उपटायचा प्रयत्न केला. ४८ जण मेले. सगळ्यात लहान सोळा वर्षांचे, सगळ्यात मोठा सत्तावीस. दोनशेवर जखमी. पाच मुलांची तर ओळखही पटली नाही, त्यांना एकत्र पुरलं. त्यांची नावं डीएनएनं निश्चित झाली ती २००७ मध्ये.

आमच्या बाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. ताप होता म्हणून गेल्या नाहीत. त्यांची मैत्रीण गेली होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून. मी पुढे विचारलं नाही.

चौकशी आयोग बसला. १९८२ च्या अहवालात दारांच्या बाबतीत मालकांवर कडक ताशेरे होते, पण आगीचं कारण काय, तर बहुधा कुणीतरी मुद्दाम लावली. पुरावा नव्हता. या एका वाक्याचा अर्थ काय झाला बघा. आग लावणारा असलाच तर तो आत नाचणाऱ्या मुलांपैकीच कुणीतरी. ज्यांची पोरं जळून मेली त्यांच्याच पोरांवर संशय. आणि आग लावलेली ठरल्यामुळे मालकांना मात्र पालिकेकडून पाच लाख पौंडांहून जास्त भरपाई मिळाली.

ख्रिस्तीनं या घटनेवर स्वतः गाणं लिहिलं. हे त्याचं स्वतःचं आहे, आणि तरीही ते त्या आयांच्या तोंडून ऐकल्यासारखं आहे. मुली आरशापुढे नटतात, मुलं दारातून हात हलवून निघतात, आणि मग ती घरी येत नाहीत. गाण्याचं नाव तेच, ‘दे नेव्हर केम होम’. त्यात एका ओळीत म्हटलं होतं, की बाहेर पडायची दारं साखळ्यांनी बांधलेली होती म्हणून हे घडलं. भरपाईचे दावे तेव्हा न्यायप्रविष्ट होते. उच्च न्यायालयानं ठरवलं, हा न्यायालयाचा अवमान आहे. एलपी दुकानांतून मागे घेतली गेली. गाणं काढून त्या जागी दुसरं घातलं. मधल्या काळात ज्या थोड्या प्रती विकल्या गेल्या, त्यातली एक आर्टेनच्या त्या घरात, प्लास्टिकच्या पिशवीत होती.

कुटुंबं थांबली नाहीत. वर्षानुवर्षं मोर्चे, निवेदनं, मंत्रालयांचे उंबरठे. किती आया-बाप निकाल न बघताच गेले. २००९ मध्ये सरकारनं मान्य केलं, की आग मुद्दाम लावल्याचा पुरावा नाही. एप्रिल २०२३ मध्ये नव्यानं मृत्यूंची चौकशी सुरू झाली. सुरुवातीला प्रत्येक कुटुंबानं उभं राहून आपलं माणूस कसं होतं ते सांगितलं. कुणाला काय आवडायचं, पहिल्या पगारातून कुणी काय आणलं होतं. ४८ वेळा. १२२ दिवस कामकाज चाललं. १८ एप्रिल २०२४ रोजी बारा सामान्य नागरिकांच्या ज्युरीनं निर्णय दिला, की हे ४८ मृत्यू म्हणजे बेकायदा मनुष्यहत्या आहे. आग विजेच्या बिघाडातून लागली. दारं कुलूपबंद होती किंवा अडवलेली होती, आणि ती तशी असणं हे मृत्यूंचं एक कारण. पाच दिवसांनी पंतप्रधान सायमन हॅरिस यांनी संसदेत उभं राहून सरकारच्या वतीनं माफी मागितली.

गाण्यातल्या ज्या ओळीला न्यायालयानं अवमान म्हटलं होतं, तीच गोष्ट ३९ वर्षांनी ज्युरीनं कागदावर लिहून दिली.

मी तेव्हा पुण्यात होते. रात्री बाईंचा फोन आला. जास्त बोलल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आज लावली.’ मला कळलं काय लावलं ते.

ख्रिस्तीच्या आयुष्याचं राहिलेलं आता भरभर सांगते. दारूनं त्याला पोखरलं होतं, १९८७ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, पुढे त्यानं दारू कायमची सोडली. नव्वदीच्या अखेरीस मनानं पार कोसळला, काही काळ मंचापासून दूर राहिला, हे सगळं त्यानं कधी लपवलं नाही. २००४ मध्ये वेल्समधल्या होलीहेड बंदरात ब्रिटिश पोलिसांनी त्याला दहशतवादविरोधी कायद्याखाली अडवून ठेवलं आणि त्याच्या गाण्यांच्या शब्दांबद्दल प्रश्न विचारले. एकोणसाठ वर्षांचा गायक, गाडीत गिटार, आणि चौकशी कवितेची. २००४ च्याच सुमारास प्लँक्स्टीचे चौघे पुन्हा एकत्र जमले, व्हिकर स्ट्रीटला रांगा लागल्या. लिअम ओफ्लिन २०१८ मध्ये गेला, गाण्यातून त्याच्या पाइप्समध्ये शिरणारा तो जोड आता प्रत्यक्ष कुणालाच ऐकायला मिळायचा नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्याची नवी एलपी आली. तिच्यावर लायरा मकीवर एक गाणं आहे. लायरा ही बेलफास्टची पत्रकार, एकोणतीस वर्षांची. एप्रिल २०१९ मध्ये डेरीत दंगल चालू असताना, उत्तर आयर्लंडचा शांतता करार न मानणाऱ्या रिपब्लिकन गटाच्या गोळीनं मेली. ज्या माणसानं एच-ब्लॉकच्या कैद्यांसाठी गाणी गायली, त्यानंच तिच्यासाठीही गायलं. आणि हे गाणंही दुसऱ्याचं.

माझ्या फोनवर दोन ध्वनिमुद्रणं आहेत. समोर बसलेल्यांना विनंती, पंखे दोन मिनिटं बंद करता आले तर बघा, आवाज बारीक आहे. विहिरीचंच गाणं दोनदा लावते. पहिल्यांदा जॉन रायलीचा आवाज. वाद्य नाही, टेपची खरखर आहे, मधे त्याला धाप लागते, ती ऐका. त्याच्यानंतर ख्रिस्ती.